एका चुलीचे वसतिगृह

कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती २२ सप्टेंबरला येते. त्या दिवशी सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत शाळाशाळांतून त्यांच्या तसबिरीला हार घातले जातात, मिरवणुका निघतात, आणि वक्ते रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-कॉलेजांचे आकडे सांगून त्यांचे मोठेपण श्रोत्यांच्या मनावर ठसवतात. हे सारे उचितच आहे. तथापि या थोर पुरुषाच्या चरित्रातला एक भाग अशा प्रसंगी नेहमी मागे पडतो असे मला वाटते. तो भाग म्हणजे त्यांच्या वसतिगृहाचे स्वयंपाकघर. भाऊरावांनी शाळा काढल्या हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी त्यांनी चूल पेटवली, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहते.

हा विषय मला आजच का सुचावा, याचे कारण थोडक्यात सांगतो. मी मूळचा कोल्हापूरचा. परंतु गेली काही वर्षे गोव्यात, सत्तरी तालुक्यातील वाळपईस मुलांना गाणे शिकवतो. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की केरी लागते आणि तेथून पुढे थोड्याच वेळात वाळपई. गाव टुमदार, पाऊस मुबलक, जवळून म्हादई वाहते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत नोकरदारांची मुले आहेत, तशी काजूच्या बागांत आणि कुळागरांत मजुरी करणाऱ्यांची आहेत, रानाकडेच्या धनगर-गवळी वस्त्यांवरचीही आहेत. गाणे शिकवणाऱ्याला मुलाच्या पोटाची अवस्था वैद्याच्या आधी कळते. उपाशी मुलाचा षड्ज ठरत नाही. सूर बरोबर लागतो, पण दम पुरत नाही, आणि दुसऱ्या श्वासाला तो खाली उतरतो. अशा वेळी रियाजाचा उपदेश करणे व्यर्थ असते. मला तेव्हा भाऊराव आठवतात.

भाऊरावांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या डोंगराजवळचे हे गाव कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहे. घराणे जैन, मूळ वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा सरकारच्या महसूल खात्यात नोकरीला असल्याने मुलाचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. अंगापिंडाने दणकट, अभ्यासात बेताचा आणि अन्याय दिसला की पेटून उठणारा असा हा मुलगा होता. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीचे पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्याने लहानपणीच विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची हकिकत सांगतात. पुढच्या आयुष्याची दिशा तीत स्पष्ट दिसते. पाणी आणि अन्न या दोन गोष्टींवरचे पहारे त्याला कधीच सहन झाले नाहीत.

पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात आले. तो काळ राजर्षी शाहू महाराजांचा. महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढून आरंभ केला आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, नाभिक अशा एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. आपल्या शहराला विद्यार्थी वसतिगृहांची माता म्हणतात ते याचमुळे. बोर्डिंग या शब्दाचा अर्थ आज आपण राहण्याची खोली असा करतो. त्या काळच्या खेड्यातल्या पोराच्या लेखी त्याचा अर्थ दोन वेळचे जेवण असा होता. शाळेची फी माफ झाली तरी शहरात पोराने खायचे काय, या एका प्रश्नापाशी शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण अडत असे. माधुकरी मागण्याची सोय एका वर्गालाच होती. बाकीच्यांना ती वाट बंद होती. महाराजांनी नेमकी ही अडचण ओळखली होती.

पण त्या व्यवस्थेतही एक मर्यादा होती. प्रत्येक जातीची चूल वेगळी होती. त्या काळात त्याहून पुढे जाणे कदाचित शक्यही नव्हते. भाऊराव जैन बोर्डिंगात राहत. १९०८ साली अस्पृश्य समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, त्या समारंभाला ते हौसेने गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे असा बोर्डिंगच्या व्यवस्थापकांचा आग्रह पडला. भाऊरावांनी तो साफ नाकारला, आणि परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या छपराखाली जेवायचे त्याच छपराखालून विटाळाच्या नावाने बाहेर पडण्याची वेळ आलेला हा तरुण पुढे स्वतःचे वसतिगृह काढतो आणि त्यात सर्वांसाठी एकच चूल ठेवतो, या दोन गोष्टींचा संबंध मला अगदी जवळचा वाटतो.

त्यांचे शालेय शिक्षण फारसे पुढे गेले नाही. मग साताऱ्यास शिकवण्या झाल्या, ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याची फिरती झाली, सातारच्या कूपर कारखान्याशी संबंध आला. मध्यंतरी १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दडपण आले, तुरुंगवास सोसावा लागला. पण त्यांनी साक्ष दिली नाही. विशेष म्हणजे ज्या लठ्ठे यांच्याविरुद्ध ती साक्ष हवी होती, ते भाऊराव विद्यार्थी असताना जैन बोर्डिंगची व्यवस्था पाहत होते. चरित्रकारांना हे प्रकरण महत्त्वाचे वाटते आणि ते आहेही. माझ्या विषयाच्या दृष्टीने मात्र नांगर विकण्याची वर्षे अधिक मोलाची आहेत. लोखंडी नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो, त्याच्या घरची भाकरी खातो, त्याच्या सुगीचा आणि कर्जाचा हिशेब ऐकतो. कोणत्या घरी जोंधळ्याची कणगी भरलेली आहे आणि कोणत्या घरी चैत्रातच रिकामी झाली आहे, हे भाऊरावांनी या फिरतीत डोळ्यांनी पाहिले. पुढे धान्य मागायला कोणाच्या दारी जायचे आणि मुले आणायला कोणाच्या दारी जायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. आरंभीची वसतिगृहे काले, नेर्ले अशा खेड्यांत निघाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे भाऊरावांनी आपले सुप्रसिद्ध वसतिगृह सुरू केले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशा सर्व जातींची मुले त्यात एकत्र राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. स्वयंपाक मुलेच करीत. आज पीठ कोणी मळायचे, भाकऱ्या कोणी थापायच्या, भांडी कोणी घासायची, यांच्या पाळ्या लागत, आणि पाळी लावताना जात पाहिली जात नसे. ज्याच्या हातचे पाणी गावात कोणी घेत नसे, त्याच्या हातची भाकरी येथे सर्वांच्या ताटात पडे. समतेवर व्याख्याने देणारे त्या काळी पुष्कळ होते. भाऊरावांनी ती गोष्ट परातीत पीठ मळून सिद्ध केली.

अर्थात हे सारे बोलायला सोपे आहे. रोज सकाळी उठून इतक्या पोरांच्या पोटाला काय घालायचे, हा प्रश्न भाषणाने सुटत नाही. तो प्रथम सोसला लक्ष्मीबाईंनी. या बाई कुंभोजच्या सुखवस्तू पाटील घराण्यातल्या. सोवळ्याओवळ्याचे संस्कार घेऊन आलेल्या. नवऱ्याने परजातीची मुले घरात आणली तेव्हा त्यांच्या मनाची काय घालमेल झाली असेल याची कल्पनाच करावी. पण मुले जेवायला बसली की आईपण सोवळ्यावर मात करते. त्यांनी त्या मुलांना आपली मानली. कोठीतले धान्य संपे तेव्हा त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना सराफाकडे जाई. शेवटी असा दिवस आला की गळ्यातल्या मंगळसूत्राखेरीज काही उरले नाही, आणि मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्या माउलीने तेही काढून दिले. सौभाग्यवतीने मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे आपल्या वाचक भगिनींना मी सांगायला नको. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही.

दागिने एकदाच विकता येतात. मुलांची भूक मात्र रोजची असते. म्हणून भाऊरावांनी धान्याची मुष्टिफंडाची रीत बसवली. घरच्या बाईने दळणाला बसताना जोंधळ्याची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि साठलेले धान्य वसतिगृहाच्या मुलांनी येऊन न्यायचे, एवढीच ही योजना. तिचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक मूठ म्हणजे सुमारे पाच तोळे धान्य धरले, आजच्या मापाने पन्नास-साठ ग्रॅम, तर महिन्याला एका घरचे दीड-पावणेदोन किलो होते. वाढत्या वयाच्या मुलाला रोज अर्धा किलो पीठ लागते असे मानले तर नऊ-दहा घरांच्या मुठींतून एका मुलाची महिन्याची भाकरी निघते. शंभर उंबऱ्यांचे गाव दहा मुले सहज पोसू शकते, आणि कोणत्याही घराला ते जाणवत नाही. श्रीमंताची मूठ आणि गरिबाची मूठ जवळजवळ सारखीच भरते, ही या योजनेतली खरी खुबी. ज्या बाईने मूठ घातली तिला ते वसतिगृह आपले वाटे. उद्या आपलाही पोरगा तेथे जाईल, हा भरवसा त्या मडक्यात धान्याबरोबर साठत असे.

आमच्या घराने एके काळी दरबारचा शिधा खाल्लेला आहे, त्यामुळे दोन प्रकारच्या अन्नांतला फरक मला घरच्या गोष्टींतून ठाऊक आहे. शिधा मानाचा असतो, पण तो एका माणसाच्या मर्जीवर चालतो. दाता गेला की चूल थंडावते. शेकडो घरांच्या मुठींवर चालणाऱ्या चुलीला अशी भीती कमी. भाऊराव शाहू महाराजांना गुरुस्थानी मानीत, वसतिगृहाला त्यांनी महाराजांचेच नाव दिले आणि ते नामकरण १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. पण महाराजांच्या निधनानंतर एवढा मोठा राजाश्रय पुन्हा मिळणार नाही हे ओळखून त्यांनी आश्रयदाता बदलला. राजाच्या जागी रयत आणली. संस्थेचे नावच त्याची साक्ष देते.

त्या पंगतीतले जेवण साधे होते. भाकरी, आमटी किंवा कोरड्यास, मुलांनी स्वतः कसलेल्या जमिनीतला भाजीपाला. गोडधोड क्वचित. आज आहारशास्त्राचे जाणकार भरड धान्य, डाळ आणि पालेभाजी यांचा मेळ मुलांच्या वाढीला उत्तम असल्याचे सांगतात. धान्यात जे कमी ते डाळ भरून काढते, डाळीत जे कमी ते धान्य. त्या काळी गरिबाचे अन्न म्हणून ते खालच्या पायरीवर मानले जाई. भाऊरावांनी त्या अन्नाची लाज मुलांच्या मनातून काढून टाकली. जाडेभरडे वस्त्र, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अनवाणी पाय आणि पांढरी दाढी अशा वेषात ते स्वतः मुलांत वावरत, तेव्हा भाकरीला कमी लेखण्याची कोणाची छाती होणार?

यातूनच कमवा आणि शिका ही कल्पना वाढली. मुलांनी शेतात राबावे, खडी फोडावी, बांधकाम करावे आणि आपल्या शिक्षणाचा व जेवणाचा भार उचलावा. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तेथे राहणे आणि शिकणे मोफत होते, आणि मोल होते ते श्रमाचे. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेथेही हीच पद्धत नेली. बॅ. पी. जी. पाटील यांच्यासारखा खेड्यातला मुलगा या वसतिगृहातून शिकून विलायतेला गेला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. या पद्धतीविषयी आदर बाळगूनही एक शंका मला प्रामाणिकपणे मांडावीशी वाटते. थोराड मुलाने श्रम करून शिकणे हे भूषण आहे. पण सहा-सात वर्षांच्या पोराने आपले जेवण कमवावे असे कोणी म्हणणार नाही. त्या वयाचे अन्न हा मुलाचा हक्कच असला पाहिजे. भाऊरावांपुढे दुसरा मार्ग नव्हता. तिजोरी सरकारची होती आणि भूक त्यांच्या अंगणात होती.

सरकारी पैशाचा भरवसा किती धरावा याचा अनुभवही त्यांना आला. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या दिवसांत सरकारशी त्यांचे बिनसले आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. तेव्हाही लोकांनी धान्य दिले, पैसा दिला, चुली विझू दिल्या नाहीत. पुढे गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. सोन्याचांदीच्या देवापेक्षा भुकेल्याला जेवण घालणे थोर मानणारा तो संत या वसतिगृहाच्या बाजूने उभा राहावा, यात नवल नाही. १९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. मिळाली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

शाळेत जेवण देण्याची गोष्ट जगात इतरत्रही झाली. इंग्लंडने १९०६ साली त्यासाठी कायदा केला. मद्रास नगरपालिकेने १९२० मध्ये आपल्या एका शाळेत दुपारचे जेवण सुरू केले, आणि १९५६ साली कामराजांनी ती योजना राज्यभर नेण्यास आरंभ केला. आपल्या देशाने १९९५ साली राष्ट्रीय कार्यक्रम आखला, तरी बऱ्याच ठिकाणी कोरडे धान्यच हाती पडे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पहिली ते आठवीच्या मुलांचा तो हक्क ठरवला. भाऊरावांच्या अंगणातली भूक अशा रीतीने अखेर सरकारच्या हिशेबात आली.

आता पुन्हा वाळपईकडे वळतो. गोव्यातील खेड्यापाड्यांत शाळा पोहोचवण्याचे मोठे काम १९६३ नंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात झाले. सत्तरीतल्या मुलांना पाटी-पुस्तक दारात मिळाले. दुपारचे जेवणही आता मिळते, आणि गोव्यात ते रांधण्याची मोठी भिस्त स्वयंसाहाय्य गटांच्या बायकांवर राहिली आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गावच्या मुलांना गावच्या बायकांनी रांधून घालणे हे मुष्टिफंडाचेच नवे रूप आहे. पण त्या ताटात भाजीबरोबर बहुधा पाव असतो. पाव रांधावा लागत नाही, वाटायला सोपा, मुलांनाही आवडतो. तक्रार करावी असे त्यात काही नाही. मात्र ज्या डोंगरउतारांवर कुमेरी शेतीत पूर्वापार नाचणी पिकत आली, त्या तालुक्यातल्या मुलाच्या ताटात मैद्याचा पाव यावा आणि नाचणी दिसू नये, हे मनाला खटकते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तांदूळ आणि गहू तिच्या जवळपासही येत नाहीत. गोव्याच्या घरांत नाचणीचे तिजण होते, सकाळच्या कामानंतर पेज होते, अळसांद्यांची उसळ होते. श्रावणात रानात टायकिळा उगवतो, परसात अळू माजतो, शेवग्याचा पाला हाताशी असतो, उन्हाळ्यात फणस असतो. हे सारे वाळपईच्या बाजारात किंवा बाजाराबाहेर आहे. मुलांच्या दुपारच्या पंगतीत ते आले पाहिजे.

ते कसे यावे? भाऊरावांच्या रीतीनेच. आठवड्यातून दोन दिवस पावाऐवजी नाचणीची भाकरी किंवा तिजण, आणि उसळीला गावचेच अळसांदे असे ठरले, तर रांधणाऱ्या बायकांचे कष्ट वाढतील. तेवढा मोबदला त्यांना वेळेवर आणि पुरता मिळाला पाहिजे, हे आधी कबूल करावे. ज्याच्या कुळागरात अळू आणि केळी आहेत त्याने एक जुडी, एक फणी द्यावी; मूठ धान्याचीच असावी असे नाही. शाळेच्या आवारात शेवग्याची दोन झाडे लावायला कोणाच्या परवानगीची फारशी गरज पडू नये. दुपारचे जेवण फक्त शाळेच्या दिवशी मिळते. सुट्टीत, आणि आठवीनंतर, मजुराच्या मुलाची पंगत उठते. तेथे गावाने आपली मूठ पुढे केली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. हे अन्न गरिबांच्या मुलांसाठी म्हणून वेगळे काढले की त्याची चव जाते. शाळेत डबा आणणाऱ्या मुलाने तो बाजूला ठेवून त्याच पंगतीत बसावे, शिक्षकांनीही बसावे. भाऊराव बसत असत. एका चुलीवरचे, एका पंगतीत खाल्लेले अन्न हेच त्यांच्या शिक्षणाचे पहिले पुस्तक होते, आणि पुढची सारी पुस्तके त्यानंतर उघडली गेली. जयंतीच्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घालताना शाळेच्या स्वयंपाकघरातही एकदा डोकावून यावे, आज पातेल्यात काय शिजते आहे ते पाहावे, आणि घरी जाऊन एक मूठ वेगळी काढावी. त्या महापुरुषाला यापेक्षा निराळी आदरांजली आवडली असती असे मला वाटत नाही.